सोलापूरच्या उन्हात खारं पाणी गोडं कसं करावं

सोलापुरात समुद्र नाही, पण मचूळ पाण्याचे बोअर भरपूर. तुरटीने गाळ बसतो, उकळल्याने जंतू मरतात. विरघळलेलं मीठ मात्र पाण्यातच राहतं. ते मागे ठेवायचं तर पाण्याची वाफ करून ती पुन्हा थंड करावी लागते. चाळिशीपार जाणारं आपलं ऊन हे काम काचेने झाकलेल्या पेटीत फुकटात करतं. लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असलेलं समुद्राचं पाणीही याच पेटीत गोडं होतं.

स्टेनलेस स्टीलची 60 बाय 90 सेंमीची पेटी करून घ्या. साधा पत्रा मिठाने गंजतो. मागची भिंत 30 सेंमी, पुढची 10. तळाशी काळ्या दगडाची धुतलेली बारीक खडी पसरा. काळा रंग देऊ नका, तापला की त्याचा वास पाण्यात उतरतो. पेटीखाली जुनी सोलापुरी चादर घडी घालून ठेवा, उष्णता खाली जात नाही.

खरी मेख पेटीवरच्या काचेत आहे, वाफ तिच्यावरच थंड होऊन थेंब बनते. उतार 18 अंशांच्या आसपास हवा. कमी पडला तर थेंब ओघळण्याऐवजी परत खाऱ्या पाण्यात टपकतात. उताराची बाजू दक्षिणेकडे. काच 65 सेंमी रुंद कापून घ्या, कारण तिरकी असल्याने 60 पुरत नाही. काचेच्या खालच्या कडेला आतून स्टीलची पन्हळ, एका बाजूला किंचित उतरती. तिथून नळी झाकलेल्या बाटलीत. सांधे सिलिकॉनने बंद करा. वाफ बाहेर गेली की मेहनत वाया. सिलिकॉनचा वास जाईपर्यंतचं पाणी टाकून द्या.

सकाळी दोन सेंमी पाणी भरा, म्हणजे साधारण 11 लिटर. जास्त भरलं तर तापायलाच दुपार होते. उन्हाळ्यात दिवसाला एक-दोन लिटर मिळतं. अख्ख्या घराची तहान यावर भागणार नाही, इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मात्र उत्तम.

प्यायचं असेल तर टीडीएस मीटर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, लावा. भारतीय मानकानुसार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालतं. इथे आकडा 50 च्या आत यायला हवा. जास्त आला तर खारं पाणी उडून पन्हळीत जातंय. रसायनं मिसळलेलं पाणी मात्र घालू नका, काही रसायनं वाफेबरोबर वर येतात.

निम्मं पाणी आटलं की उरलेलं काढून टाका, नाहीतर खडीवर पांढरा थर चढतो. चढलाच तर लिंबाने घासा. हे उरलेलं पाणी दुप्पट खारट असतं. ते मोरीत ओता, कुंड्यांत नको.