फिश टँकमध्ये घटलेलं पाणी आपोआप भरणारी स्वस्त जोडणी

सामान मोजकंच आहे: १२ व्होल्ट १ अँपियरचा ॲडॉप्टर, १२ व्होल्टचा छोटा बुडणारा पंप, १२ व्होल्ट कॉइलचा रिले (कॉइलला वीज मिळाली की संपर्क जोडणारा स्विच), १एन४००७ डायोड, ३ उभे प्लास्टिक फ्लोट स्विच (तरंगता फ्लोट पाण्याबरोबर वर-खाली झाला की चालू-बंद होणारे), नळी आणि भरायच्या पाण्यासाठी झाकणाचा कॅन. पंप कॅनमध्ये बसतो आणि नळीतून टँकमध्ये पाणी टाकतो. पंपाची उचल टँकच्या काठापर्यंत पुरेल ना, ते बघून घ्या. २३० व्होल्टचा कूलरचा पंप सुचवणारे भेटतील. रोज हात घालायच्या पाण्यात तो नको.

कॅनचं माप टँकवरून ठरतं. ६० × ३० सेंमीच्या टँकमध्ये पातळी १ सेंमी वाढायला १.८ लिटर पाणी लागतं. नेहमीच्या पातळीवर ३ सेंमी जागा मोकळी असेल तर ५.४ लिटर मावतात, म्हणून कॅन ५ लिटरचा. सगळं बिघडून अख्खा कॅन रिकामा झाला तरी पाणी काठाच्या आत राहतं. २० लिटरचा जार लावायला सांगणारे फरशी पुसायला येत नाहीत.

जोडणी अशी: ॲडॉप्टरच्या धन टोकापासून तिन्ही स्विच एकामागोमाग, मग रिलेची कॉइल, मग ऋण टोक. डायोड कॉइलच्या दोन टोकांमध्ये उलटा, पट्टीची बाजू धन टोकाकडे. पंप रिलेच्या एरवी उघड्या संपर्कातून चालवा, थेट फ्लोट स्विचवर नको. फ्लोट स्विचच्या आतला रीड, म्हणजे चुंबकाने जुळणाऱ्या पातळ पत्त्या, नाजूक असतो. पंप सुरू होतानाच्या प्रवाहाने तो चिकटला की पंप थांबतच नाही.

पहिला स्विच हव्या त्या पातळीवर, दुसरा त्याच्या १ सेंमी वर. दोन्ही फ्लोट खाली असताना चालू, वर गेल्यावर बंद. गोगलगाय अडकून पहिला फसला तर दुसरा प्रवाह तोडतो. तिसरा कॅनच्या तळाशी, पण उलट्या चालीचा: दांडीच्या टोकाची, फ्लोट अडवणारी कडी काढून फ्लोट पालथा घाला. कॅन संपल्यावर पंप कोरडा फिरत नाही. टँकमधले दोन्ही स्विच भोकं पाडलेल्या पीव्हीसी पाइपात बसवा, नाहीतर लाटांनी रिले टकटकत राहतो.

आता नळी. बहुतेक जोडण्या इथेच फसतात, आणि दोष उगाच स्विचला दिला जातो.

नळीचं टोक टँकच्या पाण्यात बुडलेलं आणि कॅन खाली असेल, तर पंप थांबताच टँकचं पाणी सायफनने कॅनमध्ये परत येतं. पातळी घटते, पंप पुन्हा सुरू होतो, आणि हे चक्र रिले मरेपर्यंत चालतं. म्हणून टोक पाण्याच्या वर, हवेत ठेवा. वरचा स्विच ज्या पातळीला तोडतो, तिच्याही निदान २ सेंमी वर.

पण कॅन टँकपेक्षा उंच असेल तर एवढ्याने भागत नाही. पंप बंद झाला तरी नळी भरलेली असते आणि कॅन रिकामा होईपर्यंत वाहते. स्विच काही करू शकत नाहीत. म्हणून काठोकाठ भरलेल्या कॅनची पातळीसुद्धा नळीच्या टोकाखालीच हवी. कॅन स्टँडच्या खालच्या फळीवर ठेवा. नळीला बारीक भोक पाडण्याची युक्ती सर्रास सांगतात; शेवाळ किंवा क्षार साचून ते बुजतं, आणि बुजलेलं कळत नाही.

चालू करण्याआधी प्रत्येक फ्लोट बोटाने हलवून पंप सुरू-बंद होतो ना, ते बघा. दर महिन्याला व्हिनेगरने पुसा.

भरायचं पाणी आरओचं. बाष्पात क्षार जात नाहीत, मागेच राहतात. बोअरचं पाणी घातलं तर ते वाढतच जातात. खाऱ्या पाण्याच्या टँकमध्येही गोडंच पाणी भरायचं. टँकचं पाणी बदलणं याने टळत नाही. आणि आरओ यंत्रातून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी काटकसर म्हणून कॅनमध्ये ओतू नका. त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात.