एक्सव्ही६ कर्नलमधील वेट आणि एक्झिट यांची रेस कशी दुरुस्त करावी

एमआयटीमध्ये शिकवण्यासाठी लिहिलेले एक्सव्ही६ हे कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) इतके आटोपशीर आहे की त्यातील प्रोसेस व्यवस्थापनाचा बहुतेक भाग एकाच 'प्रॉक डॉट सी' फाइलमध्ये वाचता येतो. मूळ प्रतीत पुढील दोष, म्हणजे दोन कोअरवरील कामांच्या वेळा जुळून येण्यावर निकाल ठरणारी रेस, नाही. मात्र स्वतःचे कर्नल लिहिताना तो हमखास शिरतो, म्हणून एक्सव्ही६च्या रिस्क-फाइव्ह प्रोसेसरसाठीच्या आवृत्तीत तो एकदा मुद्दाम घालावा आणि मग काढावा.

दोष असा. पॅरेंट प्रोसेस 'वेट'मध्ये (चाइल्ड संपण्याची वाट पाहणाऱ्या फंक्शनमध्ये) तिने सुरू केलेल्या चाइल्ड प्रोसेस तपासते, एकही झोम्बी (संपलेली, पण पॅरेंटने अजून दखल न घेतलेली प्रोसेस) नाही असे पाहून वेट-लॉक (ही तपासणी एका वेळी एकाच कोअरला करू देणारे कुलूप) सोडते आणि त्यानंतर 'स्लीप'मध्ये, म्हणजे झोपवणाऱ्या फंक्शनमध्ये, शिरते. लॉक सोडल्यानंतर पण झोप लागण्यापूर्वी दुसऱ्या कोअरवरील चाइल्ड 'एक्झिट' करून (आपले काम संपवून) 'वेकअप' या जागे करणाऱ्या फंक्शनने हाक मारते. पॅरेंट अजून जागी असल्यामुळे ती हाक कोणालाच लागू पडत नाही, शिवाय अशी हाक कर्नल साठवूनही ठेवत नाही. मग पॅरेंट झोपते ती कायमची.

दोष हमखास दिसावा यासाठी लॉक सोडण्याची आणि 'स्लीप'ला कॉल करण्याची, या दोन ओळींच्या मध्ये मोठे रिकामे लूप घालावे. त्यातील चल व्होलाटाइल (कंपायलरने वगळू नये अशी खूण केलेले) असावे, नाहीतर कंपायलर लूपच काढून टाकू शकतो. क्यूईएमयू या एम्युलेटरवर, मेकफाइलमधील नेहमीच्या ३ कोअरसह, शेलमध्ये 'इको'सारखी लहान आज्ञा द्यावी: मजकूर छापला जातो, पण पुढचा डॉलर प्रॉम्प्ट येत नाही. आता कंट्रोल-पी दाबावे. प्रोसेसच्या यादीत इनिट (सर्वांत आधी सुरू होणारी प्रोसेस) आणि शेल 'स्लीप' स्थितीत दिसतात. त्यात नवल नाही, एरवीही ते तसेच असतात. त्यांच्याखाली 'झोम्बी' म्हणून अडकलेली इको प्रोसेस हाच खरा पुरावा आहे. शोधासाठी प्रिंटएफ पेरण्याचा मोह टाळावा. छपाईच्या विलंबाने वेळा सरकतात आणि कित्येकदा दोषच दिसेनासा होतो.

ओळी वरखाली करून मधला क्षण आखूड करणे ही दुरुस्ती नव्हे. वेट-लॉक तसेच धरून झोपावे, तर कोअर शेड्युलरच्या हाती देणारे 'शेड' फंक्शन प्रोसेसच्या स्वतःच्या लॉकव्यतिरिक्त दुसरे लॉक धरलेले आढळताच 'शेड लॉक्स' असा पॅनिक देते, म्हणजे कर्नल थांबवते. म्हणून वेट-लॉक 'स्लीप'ला आर्ग्युमेंट म्हणून द्यावे आणि 'स्लीप'मध्ये क्रम असा ठेवावा: आधी प्रोसेसचे स्वतःचे लॉक घ्यावे, मगच वेट-लॉक सोडावे, त्यानंतर चॅनल (कोणत्या हाकेसाठी झोपलो याची खूण) आणि 'स्लीपिंग' ही स्थिती लिहून 'शेड'ला कॉल करावा. जाग आल्यावर प्रोसेसचे लॉक सोडून वेट-लॉक पुन्हा घ्यावे. 'वेकअप'ला प्रत्येक प्रोसेसची स्थिती पाहण्यासाठी तिचे लॉक घ्यावेच लागते, आणि झोपायला निघालेल्या पॅरेंटचे लॉक शेड्युलर तिच्यावरून पूर्ण बाहेर पडल्यावरच सोडतो; त्यामुळे हाक एक तर तपासणीच्या आधी पूर्ण होते किंवा पॅरेंट खरोखर झोपल्यानंतरच पोहोचते.

'एक्झिट'मध्ये एक ओळ पहिल्या वाचनात चुकीची वाटते. तिथे 'वेकअप' आधी होते आणि स्थिती 'झोम्बी' नंतर लिहिली जाते. हा क्रम चालतो, कारण त्या वेळी वेट-लॉक चाइल्डकडेच असते. पॅरेंट जागी झाली तरी ते मिळेपर्यंत तिला पुढे जाता येत नाही, आणि ते सुटते तेव्हा स्थिती लिहून झालेली असते. ही ओळ 'सुधारण्याच्या' भरात हलवताना आपण कोणते लॉक धरून आहोत हे पाहावे. वेट-लॉक नेहमी प्रोसेसच्या लॉकच्या आधी घ्यायचे असते. एका ठिकाणी जरी हा क्रम उलटला, तरी दोन कोअर एकमेकांची वाट पाहत स्पिन करत (लॉक सुटले का ते सतत तपासत) राहतात आणि रेसच्या जागी डेडलॉक, म्हणजे कायमची कोंडी, येऊन बसतो.

पडताळणीसाठी फोर्क करून (नवी प्रोसेस तयार करून) लगेच एक्झिट होणारी चाइल्ड आणि तिच्यासाठी वेट करणारी पॅरेंट, असे १०,००० वेळा करणारा छोटा प्रोग्राम लिहावा. तो आधी रिकामे लूप तसेच ठेवून चालवावा. मात्र आता ते लूप 'वेट'मध्ये, 'स्लीप'च्या कॉलच्या अगदी आधी येते. त्यानंतर लूप काढून 'यूजरटेस्ट्स' या एक्सव्ही६सोबतच्या चाचण्या पूर्ण चालवाव्यात.