भूकंपानंतर जखमींची वर्गवारी आणि रवानगी

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३:५६ ला किल्लारी हादरलं, तेव्हा गाव झोपेत होतं. दगड-मातीच्या भिंती आणि वरचं मातीचं धाबं थेट अंगावर आलं. अशा घरातून काढलेल्या माणसाच्या नाकातोंडात माती असते. दिसेल ती माती आधी काढा, दिसत नसेल तर उगाच बोट घालू नका.

वर्गवारी शाळेच्या मैदानावर चालेल, वर्गात नको; मागून धक्के येतातच. जवळच्या इमारतीच्या उंचीच्या निदान दीडपट लांब बसा.

"चालता येतंय त्यांनी लिंबाखाली जा," असं ओरडून सांगा. गेले ते हिरवे, म्हणजे किरकोळ जखमी, थांबू शकणारे. बाकी मोठ्या माणसांना प्रत्येकी मिनिटाच्या आत तपासा. श्वास नसेल तर हनुवटी उचला. तरी नाही आला तर काळा, म्हणजे गेलेला; आला तर लाल, म्हणजे सगळ्यात आधी न्यायचा. मिनिटाला ३० पेक्षा जास्त श्वास, मनगटाला नाडी नाही किंवा "बोट दाब" म्हटलेलं कळत नाही, यातलं एकही असलं तरी लाल. उरले ते पिवळे, लालनंतर न्यायचे. इथे उपचार दोनच: श्वास मोकळा करणं आणि वाहतं रक्त दाबून धरणं. छाती दाबत बसलात तर पुढचे दोन जातील.

पाय तासाहून जास्त वेळ दगडाखाली असेल तर घाईने ओढू नका. दबलेल्या स्नायूतलं पोटॅशियम एकदम रक्तात उतरतं आणि बोलता-बोलता माणसाचं हृदय थांबतं. डॉक्टर किंवा नर्स हाताशी असेल तर दगड उचलण्याआधीच नॉर्मल सलाईन सुरू करावं, मोठ्या माणसाला तासाला साधारण १ लिटर. आरएल (रिंगर लॅक्टेट सलाईन) नको, त्यातही पोटॅशियम असतं.

खरा घोळ होतो गाड्यांपाशी. हिरवे पायांनी चालत येतात, नातेवाइकांची जीप तयार असते, आणि जवळचा दवाखाना खरचटलेल्यांनी भरून जातो. मागून आलेल्या लालला टेबल मिळत नाही. म्हणून हिरव्यांना एसटीत बसवून लांब पाठवा. किल्लारीहून उमरगा आणि लातूर लालसाठी राखायचं, हिरव्यांची बस सोलापूरला. दबलेल्या पायाचा रुग्ण डायलिसिस असेल तिथेच.

गाडी सोडणारा माणूस एकच हवा, आणि त्याने उपचाराला हात लावायचा नाही. वहीत टॅग (जखमीला बांधलेली रंगाची पट्टी) नंबर, रंग, गाडी नंबर, कुठे, किती वाजता. गाडीत चढवताना रंग पुन्हा बघा, पिवळा अर्ध्या तासात लाल होऊ शकतो. मोबाइल बंद असतील तर ड्रायव्हरजवळ चिठ्ठी द्या. परत येताना तिच्यावर तिथल्या मोकळ्या खाटा लिहून आणायला सांगा.