नुसती खिडकी नको, बरोबर बाजूची खिडकी घ्या

खिडकीची सीट मिळाली म्हणजे काम झालं असं नाही हो, कुठल्या बाजूची खिडकी ते आधी बघा. मी पहिल्यांदा दार्जिलिंगला निघाले तेव्हा दिल्ली-बागडोगरा विमानात जादा पैसे भरून उजवीकडची खिडकी घेतली आणि सगळा वेळ खाली सपाट शेतं बघत बसले, आणि मग डावीकडून एक काका ओरडले, अगं ते बघ एव्हरेस्ट! मला मान ताणूनसुद्धा काही दिसलं नाही, इतकं वाईट वाटलं होतं ना.

तर बुकिंगच्या आधी नकाशा उघडायचा. विमान जातंय पूर्वेला, हिमालय उत्तरेला, म्हणजे डावी बाजू, ए ची सीट. परत येताना उजवी, म्हणजे एफ. मुंबईहून थेट बागडोगरा असेल तरी हेच, दिल्ली-काठमांडूलाही हेच. शेवटच्या अर्ध्या-पाऊण तासात मोबाईल बाजूला ठेवा आणि क्षितिजावर बघत रहा. सुरुवातीला पांढरे ढगच वाटतात, पण ढगाची कड मऊ असते आणि ही करवतीसारखी, आणि कितीही वेळ बघा आकार बदलत नाही. एव्हरेस्टचा माथा आजूबाजूच्या शिखरांपेक्षा काळपट दिसतो कारण वरचा बर्फ वाऱ्याने उडून जातो, त्याच्यापुढे मकालू, आणि मग उतरायच्या जरा आधी ८,५८६ मीटरचं कांचनजंगा, ते तर एवढं रुंद पसरलेलं असतं की खिडकीत मावत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरला सकाळचं विमान घ्या, पावसाळ्यात मात्र ढगांशिवाय काही दिसेल अशी आशा ठेवू नका.

दुसरं म्हणजे ऊन. दिल्ली-लेह विमानं बहुतेक सकाळचीच असतात, तेव्हा सूर्य उजवीकडे, काच नुसती चकाकते. डावीकडे बसलात तर सावली पण मिळते आणि हवा स्वच्छ असेल तर नुन-कुन या शिखरांची सात हजार मीटरच्या वरची जोडी पण दिसते.

मग पंख. एअरबस ए३२० मध्ये इमर्जन्सी एक्झिटच्या रांगा बरोब्बर पंखावर येतात, पाय पसरायला जागा मिळते पण खाली बघायचं तर पंखच दिसतो. पंखाच्या पुढच्या रांगा माझ्या मते सगळ्यात छान, मागे बसलात तर इंजिनाच्या गरम हवेमुळे फोटो थरथरल्यासारखे येतात. छोट्या एटीआर विमानात पंख वरच्या बाजूला असतो त्यामुळे तिथे एवढं टेन्शन नाही. आणि हो, काही विमानांत खिडकीच्या सीटला चक्क खिडकीच नसते, नुसती भिंत, म्हणून सीटचा नंबर टाकून लोकांनी टाकलेले फोटो एकदा शोधून बघा.

मुंबईत घाटकोपरवरून उतरत असाल तर उजवीकडे पवई तलाव दिसतो, पटकन जातो, लक्ष ठेवा.

फोटोसाठी फोन काचेला टेकवून धरा, फ्लॅश बंद, आणि अंगात गडद रंगाचा शर्ट असू दे, पांढऱ्याचं प्रतिबिंब काचेत पडतं. पुणे आणि लेह हे हवाई दलाचेही तळ आहेत, तिथे चढता-उतरताना फोटो काढू नका, क्रूने खिडकी बंद करायला सांगितली तर लगेच करा.