बुडावरचे नाव साच्याचे असते: जुन्या हौशी सिरॅमिकची पारख आणि विक्री

नागपुरातील धरमपेठ, रामदासपेठ भागातील जुनी घरे रिकामी होताना कपाटाच्या वरच्या फळीवरून कधीकधी परदेशात राहून आलेल्या नातेवाइकांनी आणलेल्या वस्तू खाली येतात: दिव्याचे हिरवे नाताळचे झाड, अळंब्या उठवलेला डबा, डोळे वटारलेले घुबड. त्यांतील काही वस्तू कारखान्यातल्या नसतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत सिरॅमिकचे हौशी वर्ग घरोघरच्या स्त्रियांनी भरलेले असत. तिथे बाजारात मिळणाऱ्या प्लास्टरच्या साच्यांतून वस्तू काढून त्या हाताने रंगवल्या जात. अशा वस्तूंना आज गिऱ्हाईक आहे, परंतु त्यांची पारख नीट करून मगच विक्रीला काढाव्यात.

नागपूरच्या चितार ओळीत, म्हणजे मूर्तिकारांच्या वस्तीत, मूर्ती साच्यातून निघताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना साच्याच्या दोन भागांच्या सांध्यावर उमटणारी शिवण ठाऊक असते. हौशी सिरॅमिकमध्ये फरक इतकाच की साच्यात पातळ माती, म्हणजे स्लिप, ओततात. प्लास्टर तिच्यातील पाणी शोषून घेते, भिंतीलगत थर धरतो आणि उरलेली स्लिप ओतून टाकतात. त्यामुळे वस्तू आतून पोकळ असते. कच्ची वस्तू वाळल्यावर ही शिवण खरवडून पुसावी लागते. कोंबडीच्या तुऱ्यावर किंवा घुबडाच्या कानामागे बोट फिरवल्यावर शिवण हाताला लागली, तर काम घाईचे होते असे समजावे. तिथेच भाव उतरतो.

आता वस्तू उलटी करावी. बुडावर कोरल्यासारखे किंवा उठावाचे ‘अटलांटिक मोल्ड’, ‘हॉलंड मोल्ड’, ‘डंकन’ असे नाव दिसले, तर ते साचा विकणाऱ्या कंपनीचे आहे, वस्तू घडवणाऱ्याचे नव्हे. पहिल्या दोन कंपन्या न्यू जर्सीतील ट्रेंटनच्या आणि डंकन कॅलिफोर्नियातील फ्रेस्नोची. नावाजवळ साल असल्यास ते बहुधा साच्याच्या स्वामित्वहक्काचे (कॉपीराइटचे) असते. त्या साच्यातून पुढे वीस वर्षे वस्तू निघालेल्या असू शकतात. याउलट कच्च्या मातीवर सुईने कोरलेली आद्याक्षरे, नाव किंवा साल हे घडवणाऱ्या हाताचे असते, आणि वस्तूचे खरे वय असे कोरलेले सालच सांगते. जाहिरातीत ‘डंकन कंपनीची वस्तू’ असे लिहिणे म्हणूनच चूक आहे. ‘डंकनच्या साच्यातून, हाताने रंगवलेली’ असे लिहावे. मी या एका वाक्याला फार महत्त्व देतो, कारण जाणकार खरेदीदार तेवढ्यावरून विक्रेत्याची पारख करतो. ग्वाल्हेर किंवा बंगाल पॉटरीजच्या बशांवर असतो तसा ग्लेझखालचा (ग्लेझ म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप) छापील शिक्का दिसला, तर ती वस्तू कारखान्याची आहे.

ही माती साधारण १००० ते १०६० अंश सेल्सियसला भाजलेली असते, त्यामुळे ती सच्छिद्र राहते. बुडाच्या उघड्या भागावर पाण्याचा थेंब ठेवल्यास तो जिरतो. म्हणून तिला पोर्सेलिन म्हणू नये. ग्लेझ बुडापर्यंत असल्यास भट्टीतील टेकूंचे तीन बारीक ठिपके शोधावेत. ग्लेझवरील कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा हा वयाचा दोष आहे, तडा मात्र वेगळा. चिमटीत धरून नखाने वाजवल्यावर तडा गेलेली वस्तू बद्द बोलते. एका ठिकाणी रंग किंचित मऊ किंवा चिकट वाटला, तर तिथे डागडुजी झाली आहे असे धरून अतिनील टॉर्चखाली ती जागा पाहावी.

किंमत ठरवताना लोकांनी मागितलेले भाव पाहू नयेत, प्रत्यक्ष विकलेल्या वस्तूंचे भाव पाहावेत. तीच आकृती शेकडो हातांनी रंगवलेली असल्याने रंगकाम हेच मोल ठरवते: डोळ्यांची रेघ स्थिर आहे का, ग्लेझ सारखे वाहिले आहे का, सोनेरी कड झिजली आहे का. आकार इतरांपेक्षा लहान आणि नक्षी बोथट असेल, तर तयार वस्तूवरूनच पुन्हा साचा काढल्याचा संशय घ्यावा.

नाताळच्या झाडांबाबत विशेष काळजी हवी. अमेरिकेतील जुनी वायर आणि बल्ब १२० व्होल्टचे असतात. आपल्या २३० व्होल्टला ते थेट लावले की जळतात, क्वचित धोकाही होतो. इलेक्ट्रिशियनकडून वायर आणि होल्डर बदलून कमी उष्णतेचा एलईडी बल्ब बसवावा आणि तसे खरेदीदाराला लेखी कळवावे. जुन्या ग्लेझमध्ये शिसे असू शकते. म्हणून डबे, वाडगे, कप शोभेचे म्हणूनच विकावेत.

छायाचित्रे उन्हाच्या झोतात न काढता सावलीतल्या उजेडात काढावीत: समोर, मागे, बूड, खूण आणि प्रत्येक टवका. पाठवताना झाडाचे रंगीत प्लास्टिकचे दिवे काढून वेगळ्या पिशवीत घालावेत, बूड वेगळे गुंडाळावे, आणि एका खोक्यात दुसरे खोके ठेवून मधली जागा पूर्ण भरावी.