पृथ्वीच्या वयावर वाद घालताना या चुका टाळा

पृथ्वी जेमतेम सहा हजार वर्षांची आहे असे मानणाऱ्या अमेरिकेतील सृष्टिवाद्यांशी वाद घालणारा माणूस अडखळतो, तो बहुधा विज्ञान लंगडे असल्यामुळे नव्हे. कोणते मोजमाप नेमके काय सांगते हे त्याला स्वतःलाच पक्के ठाऊक नसते, म्हणून त्याची पंचाईत होते.

सर्वांत नेहमीची चूक कार्बनची. ‘कार्बन डेटिंगने पृथ्वी साडेचार अब्ज वर्षांची ठरली’ असे म्हटले की समोरचा खूश होतो, कारण याचे उत्तर त्याला तोंडपाठ असते. कार्बन-14चे अर्धायुष्य, म्हणजे त्याचे निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ, 5,730 वर्षांचे आहे, त्यामुळे सुमारे पन्नास हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगे फारसे काही उरत नाही, आणि ही पद्धत मुख्यतः एकेकाळी सजीव असलेल्या पदार्थांसाठी आहे. पृथ्वीचे वय ठरले ते युरेनियमपासून तयार होणाऱ्या शिशावरून. भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी 1956 साली उल्कापाषाणांतील शिशाच्या समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंची) गुणोत्तरे ताडून सुमारे 455 कोटी वर्षे हा आकडा मांडला आणि तो आजही जवळपास तसाच टिकून आहे. विश्वाचे वय, म्हणजे 1,380 कोटी वर्षे, हा वेगळा आकडा असून तो वेगळ्या वाटेने मिळाला आहे. दोन्हींची सरमिसळ करू नये.

दुसरा सापळा माउंट सेंट हेलेन्सचा. या ज्वालामुखीच्या 1986 सालच्या लाव्ह्याचे वय पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने, म्हणजे किरणोत्सारी पोटॅशियमपासून हळूहळू तयार होणारा आर्गॉन वायू मोजून, साडेतीन लाख वर्षे आले, हे उदाहरण समोरून हमखास येते. ते खोटे आहे असे म्हणू नका, कारण आकडा खरोखरच तसा आला होता. खडक थिजताना त्यात जुना आर्गॉन अडकलेला असू शकतो हे भूवैज्ञानिकांना ठाऊक होते, आणि नव्या खडकासाठी ही पद्धत योग्य नाही हेही. दख्खनच्या सुमारे साडेसहा कोटी वर्षांच्या कातळात तेवढाच आर्गॉन आगाऊ धरला, तरी फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास पडतो.

‘किरणोत्सारी अणूंच्या क्षयाचा वेग पूर्वी वेगळा असेल’ या आक्षेपापुढे पुष्कळ जण नुसतेच ‘असे होऊच शकत नाही’ म्हणून थांबतात, आणि हाताशी असलेला उत्तम पुरावा तसाच राहून जातो. फेब्रुवारी 1987मध्ये मोठ्या मॅगेलनी मेघात, म्हणजे आपल्या शेजारच्या एका लहान दीर्घिकेत, एका ताऱ्याचा स्फोट दिसला. त्याच्याभोवतीचे वायूचे कडे काही महिन्यांनी उजळले. त्या विलंबावरून कड्याचा खरा आकार कळला, दुर्बिणीतून त्याचा भासमान आकार मिळाला आणि साध्या भूमितीने अंतर निघाले सुमारे 1,68,000 प्रकाशवर्षे, म्हणजे तो प्रकाश तेवढ्याच वर्षांपूर्वी तेथून निघाला होता. पुढे त्या अवशेषाचा प्रकाश मंदावत गेला तो कोबाल्ट-56च्या 77 दिवसांच्या अर्धायुष्याला धरून, म्हणजे पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत मोजतात त्याच वेगाने. देवाने प्रकाश वाटेतच निर्माण केला, असे यावर कोणी म्हणाले, तर वाद तेथेच सोडावा. इंग्रज निसर्गअभ्यासक फिलिप गॉस यांनी 1857 साली अशाच वळणाची कल्पना मांडली होती. तिला कोणतेही निरीक्षण खोडू शकत नाही, आणि तीच तिची अडचण आहे. न घडलेल्या स्फोटाचे चित्र देवाने आकाशात का काढावे, हा प्रश्न श्रद्धावंतानेच सोडवायचा आहे.

आपल्याकडच्या मंडळींची एक खास चूक आहे. ब्रह्मदेवाचा एक दिवस 432 कोटी वर्षांचा, तेव्हा आमच्या पुराणांना पृथ्वीचे वय आधीच माहीत होते, असे अभिमानाने सांगितले जाते. मात्र त्याच कालगणनेनुसार चालू कल्पाची, म्हणजे ब्रह्मदेवाच्या चालू दिवसाची, दोनशे कोटी वर्षेही अजून सरलेली नाहीत, आणि हे समोरच्याने पंचांग उघडून दाखवले तर आपलीच फजिती होते. जुळणारा आकडा घ्यायचा आणि न जुळणारा झाकायचा, ही तर सृष्टिवाद्यांचीच रीत झाली.

सगळ्या ख्रिस्ती लोकांना या पक्षात ढकलणेही चुकीचेच. विस्तारणाऱ्या विश्वाची कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते, आणि वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक शेजाऱ्याला त्याचे चर्च पृथ्वी सहा हजार वर्षांची मानायला सांगत नाही.

केंटकीत 4 फेब्रुवारी 2014 रोजी विज्ञानप्रसारक बिल नाय आणि सृष्टिवादी केन हॅम यांची या विषयावर जाहीर चर्चा झाली. तुमचे मत कशाने बदलेल, असा प्रश्न शेवटच्या प्रश्नोत्तरांत आला. नाय यांनी ‘पुराव्याने’ असे उत्तर दिले, तर देवाचे वचन खरे नाही हे आपल्याला कोणीच पटवून देऊ शकणार नाही, असे हॅम यांनी सांगितले. हा प्रश्न शेवटासाठी राखून न ठेवता सुरुवातीलाच विचारावा. म्हणजे पुढचे दोन तास बोलायचे ते समोरच्याशी की ऐकायला बसलेल्यांशी, हे आधीच कळते.