जुन्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर सिंथ वाजवायचाय? डेबियन टाका

२ जीबी रॅमचा लॅपटॉप धूळ खात पडला असेल तर त्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाका, डेस्कटॉप हलकाफुलका एलएक्सक्यूटी घ्या, बाकी झगमगाट नको. मग जॅकडी२ (म्हणजे जॅक, आवाज कमी उशिराने साउंडकार्डपर्यंत नेणारा प्रोग्राम), क्यूजॅककंट्रोल (जॅकची सेटिंग्जची खिडकी), योशिमी आणि क्यूसिंथ (हे दोन सॉफ्टवेअर सिंथ, म्हणजे लॅपटॉपवरच आवाज तयार करणारी वाद्यं) एवढंच इन्स्टॉल करा.

जॅक इन्स्टॉल होताना निळ्या स्क्रीनवर रिअलटाइम प्रायॉरिटी (आवाजाच्या कामाला प्रोसेसरवर पहिला मान) हवी का असं विचारतं, तिथे बरेच जण घाईत एंटर दाबून मोकळे होतात, तिथे 'येस'च करायचं, आणि स्वतःच्या युजरला 'ऑडिओ' ग्रुपमध्ये टाकून एकदा लॉगआउट करून परत यायचं, नाहीतर पुढे आवाज तुटत राहतो आणि आपण उगाच साउंडकार्डला शिव्या घालतो.

आता क्यूजॅककंट्रोलच्या सेटअपमध्ये सॅम्पल रेट ४८०००, फ्रेम्स २५६, पिरियड्स २ ठेवा (यूएसबी कार्ड असेल तर ३). २५६ ला दोनने गुणा, ४८००० ने भागा, जवळपास ११ मिलिसेकंद, की दाबली की आवाज लगेच आल्यासारखाच वाटतो. एक्सरन (आवाज वेळेत न पोचल्याने होणारी तूट) वाढायला लागले तर फ्रेम्स सरळ ५१२ करा, १२८ चा हट्ट जुन्या मशीनवर करू नका. जॅक सुरूच होत नसेल तर बहुतेक डेस्कटॉपचा आवाज सांभाळणाऱ्या प्रोग्रामने (पल्सऑडिओ किंवा पाइपवायर) कार्ड धरून ठेवलेलं असतं.

मिडी कीबोर्ड (संगणकाला जोडायचा पियानोसारखा कीबोर्ड) क्यूजॅककंट्रोलच्या कनेक्शन्समध्ये जाऊन योशिमीला जोडा. योशिमी झिनअ‍ॅडसबएफएक्स या जुन्या सिंथपासूनच निघालाय, पॅड्स (लांब रेंगाळणारे मऊ सूर) मस्त आहेत, पण रिव्हर्ब (घुमण्याचा इफेक्ट) प्रोसेसर खातो, तो आधी बंद करा. पियानो, बासरी वगैरे हवं असेल तर क्यूसिंथ, फक्त त्याची पॉलिफोनी (एकाच वेळी वाजू शकणाऱ्या सुरांची मर्यादा) २५६ वरून ६४ वर आणा.